उलट बसवलेली शिंगं

आबा, परवा मी मेंढ्याची शिंगं काढली. आपल्या कॉलेजच्या संग्रहालयातला तो हिमालयापलीकडचा रानमेंढा, ज्याचं मुंडकं फळीवर बसवलेलं आहे, त्याची. तुम्ही शेवटचं काम त्याच्यावर केलंत. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि त्याच्याही आधीपासून तो काचेआड तसाच होता, शिंगांची टोकं स्वतःच्याच गालांत रुतवून. मी आता त्याच कॉलेजात शिकवते. तासिका तत्त्वावर, म्हणजे दरवर्षी नव्यानं अर्ज करायचा आणि नव्यानं होकाराची वाट बघायची. संग्रहालय सांभाळायला दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून त्याच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या. गेल्या महिन्यात मेंढ्याच्या शिंगांखाली पिवळट भुकटी साचलेली दिसली, तेव्हाच मला कळलं की आत पुन्हा कीड लागली आहे आणि शिंगं उतरवावी लागणार. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. तुमच्याकडून शिकले होते. पण हे पत्र तुमचे आभार मानायला लिहीत नाहीये, ते आधीच सांगते.

शिंग ही एक अखंड वस्तू नसते, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. बाहेर टणक खोळ, आत कवटीतूनच वाढलेला हाडाचा खुंट, आणि दोघांच्या मधे एक पातळ थर. जनावर मेलं की तो थर कुजतो, नाहीतर किडे तो खातात, आणि मग शिंग खुंटावर खुळखुळायला लागतं. जळोचीच्या आपल्या घरामागं, लिंबाच्या सावलीत, तुमची सिमेंटची टाकी होती. कॉलेजात प्रयोगशाळा परिचर म्हणून लागलात, पण सांगाडे तयार करायला तिथं जागा नव्हती. मटणवाल्याकडून बोकडांची मुंडकी आणून तुम्ही ती घरीच साफ करायचात. कळंबच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडं तुम्ही तरुणपणी हे काम शिकला होतात. शिंगाच्या बुडाला ओलं पोतं गुंडाळायचं, ते रोज भिजवायचं, आणि दिवस मोजत बसायचं. आई मेथीच्या जुड्या बांधता बांधता पदर नाकाला लावून म्हणायची, "लोकांच्या दारात रांगोळी असती, आमच्या दारात मुंडकी." तुम्ही हसून म्हणायचात, "रांगोळीला वास न्हाय, एवढंच." मला मात्र शाळेत माझ्या कपड्यांना वास येतो म्हणून कुणी शेजारी बसायचं नाही, ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

एक दिवस मात्र नीट आठवतो. मी दहा वर्षांची असेन. तुम्ही दोन बोकडांची शिंगं एकाच वेळी उतरवली आहेत आणि मला चारही खोळी धुवायला दिल्या आहेत. मी धुतल्या, पुसल्या, ओट्यावर ओळीनं मांडल्या, चांगल्या चकाकत होत्या. तुम्ही आलात आणि बघत उभे राहिलात. "कुठली कुणाची?" मला सांगता येईना. तुम्ही मारलं नाहीत. एक एक खोळ उचलून खुंटावर लावून बघत राहिलात, दुपार सगळी त्यात गेली, आणि तेवढा वेळ मला उन्हात शेजारी उभं केलंत. शेवटी म्हणालात, "ह्याचं त्याला चालत न्हाय. दिसायला चालंल, पर आत खोटं बसतं. धुवायच्या आधी खूण करायची." मग शिसपेन्सिलीनं खुंटावर आणि खोळीच्या आतल्या कडेवर 'उ' आणि 'डा' लिहायला शिकवलंत. मी माझ्या समोरच्या उजव्या हाताचं शिंग उजवं धरलं, तर परत बोललात. "उजवं म्हंजी त्याचं उजवं. तू त्याच्या म्होरं उभी हायस, तुझं उलट असणार." मी विज्ञानाला गेले, घरातली पहिली पदवीधर झाले, त्याच्या मुळाशी तो दिवस आहे असं मी पुढं भाषणांमधून सांगत आले. खरं तर त्या दिवशी मला फक्त एवढंच कळलं होतं की या एका गोष्टीत माझे आबा कधी चुकत नाहीत. म्हणूनच पुढच्या गोष्टीचा राग जात नाही.

मी तिसऱ्या वर्षाला होते. तपासणी समिती यायची होती. आदल्या वेळच्या समितीनं शेरा मारला होता की उघडे नमुने काचेआड ठेवा, म्हणून सरांनी मेंढ्यासाठी काचेचं कपाट करून घेतलं होतं. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख, ज्यांच्या हाताखाली तुम्ही बावीस वर्षं काढलीत आणि ज्यांच्या हातात माझ्या प्रात्यक्षिकाचे गुण होते. मेंढ्याची शिंगं तेव्हाही खुळखुळायला लागली होती, ती उतरवून, साफ करून परत बसवायचं काम तुमच्याकडं होतं. त्या आठवड्यात तुम्ही घरी फार बोलत नव्हतात. मी विचारलं तर, "प्लास्टर वाळंना," एवढंच. मी माझ्या तयारीत होते. समितीला संग्रहालय दाखवायला सरांनी माझी निवड केली होती, आणि मला वाटत होतं की आपण खरं शिकलो आहोत हे दाखवायची ही एकच वेळ आहे.

तो दिवस मी इतक्या वेळा आठवला आहे की तो अजून चालूच आहे असं वाटतं. समितीतले पुण्याचे एक वयस्कर प्राध्यापक कपाटासमोर थांबतात. शिंगांकडं बघतात. मला विचारतात, "या शिंगांत तुला काही वेगळं दिसतंय का?" मी पहिल्यांदाच नीट बघते. सकाळपासून मी लेबलंच पाठ करत होते. रानमेंढ्याची शिंगं मागं जाऊन, गोल फिरून, बाहेर फाकतात. ही आत वळली होती, टोकं गालाला टेकली होती, आपल्या जत्रेतल्या एडक्यासारखी. दारापाशी तुम्ही चहाचा ट्रे घेऊन उभे आहात. मी तुमच्याकडं बघते. तुम्ही मान हलवता, अगदी थोडी. मग मी म्हणते, "सर, डावं आणि उजवं शिंग अदलाबदल झालंय. बसवणाऱ्याची चूक आहे." ते प्राध्यापक खूश होतात. म्हणतात, "शाब्बास. बाकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं." आणि आमचे सर ताबडतोब म्हणतात, "परिचराचं काम आहे हो ते. शिकलेला माणूस नाही, काय करणार." सगळे तुमच्याकडं बघतात. तुम्ही ट्रे टेबलावर ठेवता आणि म्हणता, "चुकलं माझं." एवढंच. मग कप वाटायला लागता. मलाही एक देता.

संध्याकाळी घरी आले तर तुम्ही आईला शिरा करायला लावला होता. केळं घालून, प्रसादाला करतात तसा. "लेकीनं नाव काढलं आज. पुण्याच्या सायबानी शाब्बास म्हनलं." आई कौतुकानं माझ्याकडं बघत होती, तिला पुढचं काही माहीत नव्हतं. आणि मी, आबा, शिरा खाता खाता तुम्हाला शिकवत बसले. ताटाच्या कडेला बोटानं मळसूत्र काढून दाखवलं, उजव्या शिंगाचा फेर कसा जातो, डाव्याचा कसा. वर आणि म्हटलं, "मला दहाव्या वर्षी तुम्हीच उन्हात उभं केलं होतं ना? मग तुम्ही कसे चुकलात?" तुम्ही म्हणालात, "व्हय. बरोबर हाय तुझं." मी आणखी म्हटलं, की अंदाजानं काम करायचे दिवस गेले, आता पुस्तक बघून करायला पाहिजे. तुम्ही परत म्हणालात, "व्हय," आणि आईला म्हणालात, "तिला अजून वाढ."

पंधरा दिवसांत तुमची बदली मागच्या फाटकावर झाली. नमुन्यांच्या नोंदवहीत सरांनी मेंढ्यापुढं लिहिलं: परिचराच्या अज्ञानामुळे शिंगे चुकीची बसवली गेली, दुरुस्ती करणे. दुरुस्ती कधी झाली नाही. तुमच्या हातातली टाकी, पोती, पेन्सिल गेली आणि फाटकाची वही आली, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायची. मी रोज त्या फाटकानं आत जायचे. मैत्रिणींबरोबर असले की फक्त मान हलवायचे. मला तुमची लाज वाटत होती असं नाही, निदान मी स्वतःला तसं कधी म्हटलं नाही. मला वाटायचं की चूक झाली तर तिची शिक्षा व्हायलाच पाहिजे, मग तो आपला बाप का असेना. मी तेव्हा अशी होते. निकाल लागला, मी विद्यापीठात गेले, आणि दुसऱ्या वर्षी फाटकावरच तुमच्या छातीत कळ आली. मी पोचले तेव्हा आईनं तुमच्या खिशातल्या वस्तू एका रुमालात बांधून ठेवल्या होत्या.

गेल्या आठवड्यात नवं कपाट करायचं ठरलं. जुनं कपाट करणारे कऱ्हाटीचे सुतारच मापं घ्यायला आले. थकलेत आता, मुलाच्या गाडीवर मागं बसून येतात. मी त्यांना तात्या म्हणते. त्यांनी मेंढ्याकडं बघितलं आणि टेप खिशातून काढायच्या आधीच म्हणाले, "म्याडम, ह्या वक्ताला माप तुमी सोता द्या. शिंगाचं द्या, फळीचं नगं."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हंजी काय. तवा सायबानी मला फळीचं माप दिलं. मी कपाट घेऊन आलो तर शिंगं दोन्हीकडनं काचंच्या भाईर. मी म्हनलं, कपाट परत नेतो, आठ दिस द्या. तर म्हनले समिती चार दिसांवर हाय. मग तुमच्या आबांना बोलावलं. म्हनले, शिंगं फिरीव. डावं उजवीकडं, उजवं डावीकडं, म्हंजी आत वळतील आन् मावतील."

"आबा काय म्हणाले?"

"ते न्हाय म्हनले. दोनदा म्हनले. खुंट कापावं लागत्याल, जनावर खोटं हुईल म्हनले. साहेब म्हनले, कोन बघतंय." तात्यांनी टेप खिशातून काढली. "लई गुणी मानूस. माझ्याम्होरं करवत घेतली त्यांनी. मला म्हनले, तात्या, जरा भाईर थांबा."

मला वाटलं होतं की असं काही ऐकल्यावर मी रडेन. मी तात्यांना मापं सांगितली. ते गेल्यावर मुंडकं खाली उतरवलं, बुडांना ओलं पोतं गुंडाळलं आणि चार दिवस भिजवत राहिले. पाचव्या दिवशी डाव्या बाजूची खोळ आपण होऊन निघाली, तुम्ही म्हणायचात तशी, न ओढता. कुजका, आंबट वास आला. इतक्या वर्षांनीही मला त्या वासाची ओळख होती. खुंट अर्ध्यातून कापलेला होता. खुंटावर पेन्सिलीनं 'डा', आणि त्याच्यावरून निघालेल्या खोळीच्या आतल्या कडेला 'उ'. आणि खोळीच्या आत, प्लास्टरच्या वर, एक जुन्या धोतराची चिंधी कोंबलेली. मी ती ओढून काढली. तिच्यात कापलेल्या हाडाचा तुकडा होता, कडा घासून गुळगुळीत केलेला, त्याच्यावरही 'उ'. दुसऱ्या शिंगातही तसंच. प्लास्टर आणि हाडाच्या मधे तुम्ही कागद घातला होतात, पुढं कुणी सोडवायला बसलं तर हाड तुटू नये म्हणून. मी तुकडे ज्याचे त्याच्या खुंटाला लावून बघितले. बसले. शिंगं परत आपापल्या जागी घातली आणि दोन्ही टोकं बाहेर फाकली, तेव्हा ते जनावर एकदम मोठं दिसायला लागलं.

आबा, मी तिथं फरशीवर बसले आणि तुमच्यावर इतकी चिडले की तुम्ही समोर असतात तर काय बोलले असते कोण जाणे. एका मेलेल्या मेंढ्याला परत नीट होता यावं म्हणून तुम्ही केवढी सोय करून ठेवलीत. हाडं जपून ठेवलीत, खुणा केल्यात, कागद घातलात. माझ्यासाठी काय ठेवलंत? एक वाक्य बोलला असतात घरी, शिरा खाताना, आईसमोर. मला एकवीस वर्षांची, स्वतःच्या खरेपणावर खूश, तशीच ठेवलीत. फाटकावरून माझ्याकडं बघून हात वर करायचात, तेव्हाही बोलला नाहीत. तुम्ही वाईट वाटून घेतलं नाही असं लोक सांगतात. मला तुमचा तो मोठेपणा नको होता.

काल इंदापूरला गेले. सर तिथं राहतात आता, बंगल्यापुढं डाळिंबाची चार झाडं आहेत. मला बघून खरंच आनंद झाला त्यांना. म्हणाले, आपली विद्यार्थिनी आपल्याच विभागात, याहून काय पाहिजे. मी चहा संपेपर्यंत थांबले आणि मग कपाटाचं विचारलं. त्यांना आठवायला वेळ लागला. मुद्दाम नव्हे, ते खरोखर विसरले होते. मग म्हणाले, "हो, हो. त्या सुतारानं माप चुकवलं होतं. अगं, पण तुझा तर त्यात फायदाच झाला. समितीनं अहवालात विद्यार्थिनीचा उल्लेख केला होता."

"आबांची बदली झाली, सर. त्यांच्या नावापुढं अज्ञान लिहिलं तुम्ही."

"समितीला काहीतरी कारवाई दाखवावी लागते. आणि ते स्वतः आले होते ना माझ्याकडे, दुसऱ्या दिवशी. हात जोडून म्हणाले, साहेब, मला कुठंही टाका, पण पोरीला यातलं कळू देऊ नका. तिची परीक्षा तोंडावर आहे, ती गप्प बसायची नाही, आणि मग तिचं नुकसान होईल." सरांनी कप बशीत ठेवला. "मी शब्द पाळला. कधी बोललो का तुला?"

इंदापूरच्या स्टँडवर एसटीची वाट बघत उभी होते तेव्हा मला सारखं वाटत होतं की तुम्ही मला ओळखलं होतंत. मी गप्प बसले नसते. सरांशी भांडले असते, प्रात्यक्षिकात नापास झाले असते, वर्ष गेलं असतं, कदाचित शिक्षणच संपलं असतं. म्हणजे माझी पदवी तुम्ही स्वतःला अडाणी म्हणवून घेऊन मिळवून दिलीत, आणि ती घ्यायची की नाही हे मला विचारलं नाहीत. मी ज्या खरेपणाबद्दल वर्गात मुलींना सांगते, तो माझ्याकडं राहावा म्हणून तुम्ही एक खोटं सांभाळत बसलात. माझ्या पदवीचा फोटो आईनं भिंतीवर लावला आहे. तो काढून टाकावासा वाटतो आणि काढला तर तिला काय सांगायचं ते सुचत नाही.

आज सकाळी लवकर कॉलेजात आले आणि नोंदवही काढली. प्राचार्यांना कालच फोनवर सांगितलं होतं. ते म्हणाले होते, जुनं कशाला उकरता, जूनमध्ये तुमची मुलाखत आहे, सर निवड समितीवर असतात अजून. मी सरांच्या शेऱ्याखाली लिहिलं. कपाटाचं माप चुकीचं दिलं गेलं, ते लिहिलं. परिचरानं दोनदा हरकत घेतली, विभागप्रमुखांच्या तोंडी आदेशावरून शिंगे उलट बसवली, खुंटाचे कापलेले भाग आणि खुणा जपून ठेवल्या, त्यामुळे आजची दुरुस्ती शक्य झाली, ते लिहिलं. तुमचं पूर्ण नाव लिहिलं, आजोबांच्या नावासकट. खाली सही केली, हुद्दा घातला. ती वही वर्षातून एकदा कुणीतरी मोजणीसाठी उघडतं, वाचत कुणी नाही, हे मलाही माहीत आहे. तरी लिहिलं.

एवढं झाल्यावर बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. तुम्हाला हे पत्र लिहायला बसले ते म्हणूनच. ते कुठं टाकायचं नाहीये, या कागदाला पत्ता नाही. पण एक सांगायचं राहतं. समितीसमोर तुम्ही दारातून मान हलवलीत, ती मी बघितली होती. तुम्ही चुकलेला माणूस दिसत नव्हतात. काहीतरी वेगळं आहे, आबा थांब म्हणताहेत, हे मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि तरी मी बोलले, कारण ते प्राध्यापक माझ्याकडं बघत होते. नोंदवहीत मी सगळ्यांचं लिहिलं आहे. त्या जागी मात्र एवढंच आहे की एका विद्यार्थिनीने चूक निदर्शनास आणली. ती विद्यार्थिनी परिचराची मुलगी होती, हे मी लिहिलेलं नाही.